आधी हक्क, मग खैरात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रमजानच्या महिन्यात धान्याचे किट, साड्या आणि इफ्तार यांच्या बातम्या सीमाभागातल्या सगळ्याच वृत्तपत्रांत येतात. त्याच अंकात आतल्या पानावर सूक्ष्म कर्ज देणाऱ्या संघाच्या हप्त्यांच्या तगाद्याने गाव सोडलेल्या कुटुंबाची बातमी असते आणि परदेशच्या पानावर गाझा असते, सुदान असते. वाचणारा हिंदू असो की मुसलमान, त्याच्या मनात येतेच, की कुराणातली एक सोडून प्रत्येक सूरा (अध्याय) ज्याच्या रहमान आणि रहीम, म्हणजे दयाळू आणि कृपाळू, या नावांनी सुरू होते, त्याच्या दुनियेत एवढे दुःख का? मशिदीच्या ओट्यावरही हा प्रश्न निघतो आणि बहुतेक वेळा ‘अल्लाची मर्जी’ एवढ्यावर मिटवला जातो. मोहल्ल्यात जकातीचा, म्हणजे ऐपतदार मुसलमानाने दरवर्षी गरजूंसाठी काढायच्या ठरलेल्या हिश्श्याचा, हिशेब आणि वाटप पाहणारे आम्ही काही जण आहोत. आम्हाला हे उत्तर अपुरे वाटते, आणि धर्माच्या दृष्टीनेही ते अर्धेच आहे, म्हणून हे पत्र.

जुम्म्याच्या खुतब्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनाच्या, शेवटी बहुतेक मशिदींत कुराणातल्या सूरे नहलची ९० वी आयत (वचन) म्हटली जाते. दर आठवड्याला कानावर पडते, म्हणूनच कदाचित तिच्याकडे लक्ष जात नाही. अल्ला अद्लचा, एहसानचा आणि नात्यातल्या माणसांना देण्याचा हुकूम करतो, असे ती सांगते. अद्ल म्हणजे ज्याचे त्याच्या पदरात टाकणे. एहसान म्हणजे ते देऊन झाल्यावर आपल्या खुशीने आणखी काही करणे. आयतेत अद्ल आधी आहे. आमचे म्हणणे एवढेच, की आपल्या भागात एहसान म्हणून जे वाटले जाते त्यातले बरेचसे कुणाचे तरी थकलेले देणे असते, आणि ते थकले म्हणूनच घेणारा रांगेत उभा असतो.

निपाणीच्या विड्यांचे घ्या. बाई घरी बसून विड्या वळते. ठेकेदार पाने आणि तंबाखू वजन करून देतो आणि मजुरी हजार विड्यांवर ठरते. पाने भिजवायची, फडक्यात गुंडाळून मऊ करायची, पत्र्याचे माप ठेवून कात्रीने कापायची. किडलेली, फाटकी, जाड शिरांची पाने यात वाया जातात. दिलेल्या पानांत हजार भरत नाहीत, पण हजार भरून द्यावेच लागतात, म्हणून उरलेली पाने ती पदरच्या पैशाने आणते. मग तपासणीत काही विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात. त्यांची मजुरी मिळत नाही आणि विड्याही परत मिळत नाहीत. सगळेच ठेकेदार असे करतात असे आम्ही म्हणत नाही, पण विडीच्या धंद्यातली ही फार जुनी तक्रार आहे. आता सूरे मुतफ्फिफीनच्या पहिल्या तीन आयती वाचा. स्वतः घेताना माप भरून घेतो आणि दुसऱ्याला मोजून देताना कमी देतो, त्याची बरबादी आहे, असे त्या सांगतात. उसाच्या काट्यावर काटामारी होते तिथेही याच आयती लागू पडतात. अशा माणसाने रमजानात त्याच बाईला पाच किलो तांदूळ आणि तेलाची पिशवी दिली, तर तिच्या मजुरीतलाच थोडा भाग तिच्या घरी परत गेला. त्याची पावती सदका, म्हणजे दान, म्हणून कशी फाडायची?

दुसरे खलिफा हजरत उमर यांच्यापुढे आलेला एक खटला ठेकेदारांनी आणि आम्हीही पाठ करण्यासारखा आहे. हातिब नावाच्या सहाबींच्या, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्याच्या, गुलामांनी मुझैना टोळीतल्या एकाची उंटीण चोरली आणि कापून खाल्ली. चोरीची शिक्षा ठरलेली होती आणि उमर यांनी ती फर्मावलीही. मग ते थांबले. तुम्ही यांना उपाशी ठेवता असे मला दिसते, असे त्यांनी गुलामांच्या मालकाला सुनावले. उंटिणीची किंमत विचारली, ती ४०० दिरहम निघाली. गुलामांच्या मालकाला ८०० दिरहम भरायला लावले. हिजरी १८ च्या सुमारास अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला, त्या साली त्यांनी चोरीची हद्दच, म्हणजे हात तोडण्याची ठरलेली शिक्षाच, थांबवली होती. चोर कोण हे पाहून न्याय थांबला नाही, त्याला भुकेला कुणी ठेवले इथपर्यंत गेला. इस्लामी कायदा म्हटला की हात तोडणे एवढेच ज्यांना आठवते, त्यात आपले काही मुसलमान तरुणही आले, त्यांनी या दोन गोष्टी एकत्र वाचाव्यात.

जकातीचा पायाही हाच आहे. मुआझ बिन जबल या सहाबींना यमनला पाठवताना पैगंबरांनी त्यांना सांगितले, की जकात त्यांच्या श्रीमंतांकडून घेतली जाईल आणि त्यांच्याच गरिबांना परत केली जाईल. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनाच्या नोंदीत, शब्द ‘परत’ असाच आहे. लगेच पुढे दोन ताकिदी आहेत. लोकांचा निवडक, उत्तम माल वसुलीत घेऊ नकोस. आणि मजलूमाच्या, म्हणजे अन्याय सोसणाऱ्याच्या, हाकेला भी, कारण तिच्यात आणि अल्लामध्ये पडदा नसतो. घेणाऱ्याचा हक्क, देणाऱ्याचा हक्क आणि वसूल करणाऱ्याला धाक, तिन्ही एकाच सूचनेत आले. कुराणही श्रीमंतांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘ठरलेला हक्क’ आहे असे म्हणते (७०:२४-२५). हक्क ठरलेला असेल तर तो मोजावा लागतो, आणि आपल्याकडे पहिली चूक तिथेच होते. रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री अंदाजाने एक गोल आकडा धरला जातो.

मोजायचे कसे ते लिहितो, कारण चुका ठरावीक आहेत. निसाब म्हणजे जकात लागू होण्याची मर्यादा साडेसात तोळे सोने, म्हणजे ८७.४८ ग्रॅम, किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम. नुसते सोनेच असेल तर सोन्याचा निसाब. थोडे सोने, थोडी रोकड, थोडा माल असे मिश्र असेल तर इस्लामी कायद्याच्या हनफी मतानुसार सगळ्याची किंमत एकत्र करून ती चांदीच्या निसाबाशी ताडून पाहायची. ‘माझ्याकडे दोनच तोळे आहेत, मला जकात नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना या हिशेबाने जकात लागते. निसाब पूर्ण असलेल्या मालावर चांद्र वर्ष झाले की चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के. वर्ष चांद्र धरायचे. व्यापारी सोयीसाठी ३१ मार्च धरतात. त्यात दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे पडतात आणि ३३ वर्षांत एका पूर्ण वर्षाची जकात बुडते.

काय धरायचे? रोकड, बँकेतली शिल्लक, पिग्मीत साठलेली रक्कम, सोने-चांदी, विक्रीचा माल आणि वसूल होण्याजोगी उधारी. भिशी लागायची असेल तर आजवर भरलेले हप्ते आपले धन आहे. भिशी आधीच उचललेली असेल तर उरलेले हप्ते आपले देणे. राहते घर, गाडी, दुकानातले फर्निचर, फ्रीज, शिलाई मशीन, हत्यारे यांवर जकात नाही. शहापूर-वडगावच्या विणकराचा यंत्रमाग हिशेबात येत नाही, पण विक्रीसाठी पडलेले सूत आणि तयार साड्या येतात. माल आजच्या बाजारभावाने धरायचा, खरेदीच्या जुन्या बिलावर नाही. अंगावरच्या दागिन्यांवर हनफी मतात जकात आहे, शाफई मतात वापरातल्या दागिन्यांवर नाही. घाटाखालून आलेली कोकणी घराणी बहुधा शाफई असतात, तेव्हा शेजाऱ्याचे पाहून ठरवू नये.

एक छोटे दुकान समजा. बँकेत ८५,००० रुपये, विक्रीचा माल २,४०,०००, येणे उधारी ४०,०००, पिग्मी आणि भिशी मिळून ३०,०००, घरातले सोने त्या दिवशीच्या भावाने १,५०,०००. एकूण ५,४५,०००. घाऊक व्यापाऱ्याचे देणे ९५,००० वजा केले की ४,५०,००० उरतात. त्याचा चाळिसावा हिस्सा ११,२५०. घराच्या कर्जाचे पुढच्या वीस वर्षांचे सगळे हप्ते वजा करून जकात शून्यावर आणण्याची युक्ती काही जण काढतात. त्यावर मुफ्तींना विचारून घ्यावे. साधारणपणे त्या वर्षात देय असलेलेच हप्ते वजा करू देतात.

आता या ११,२५० रुपयांचे काय होते ते पाहा. सत्ताविसाव्या रोजाला दुकानापुढे रांग लागते आणि एकशे बारा हातांवर शंभर-शंभर रुपये पडतात. एकशे बारांपैकी एकाचीही नड भागत नाही. उन्हात उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या बायकांना धक्काबुक्की होते ती वेगळीच. हीच रक्कम एका विधवेला शिलाई मशीन घेऊन देते, किंवा एका घराचे सहा महिन्यांचे औषध भागवते. हनफी मतात एका गरजूला एवढे द्यावे की त्याची गरज भागेल. तो स्वतःच निसाबाचा धनी होईल इतके एका वेळी देणे नापसंत आहे, पण कर्जदार असेल तर कर्ज फिटेपर्यंत देता येते.

दुसरी चूक ‘जकातीची साडी’. बाजारात या नावाचा मालच वेगळा मिळतो. एका धुण्यात रंग जातो, फॉल लावायच्या लायकीची नसते. स्वतः घ्यायची वेळ आली तर डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही असा माल देण्याचा विचारही करू नका, असे सूरे बकराची २६७ वी आयत याच वृत्तीला सांगते. तिच्या तीनच आयती आधी, उपकार बोलून दाखवून आणि दुखावून आपला सदका वाया घालवू नका, असे आहे. घेणाऱ्याच्या हातात किट आणि बाजूला पाच जण हसतमुख उभे, हा फोटो छापायला पाठवण्याआधी ती आयत वाचावी. संपादक महोदय, यात आपलीही मदत हवी. वाटपाची बातमी जरूर छापा, घेणाऱ्याचा चेहरा छापू नका.

तिसरी चूक किराणा दुकानदारांची, आणि ती अज्ञानातून होते. गरीब गिऱ्हाइकाची ३,००० रुपयांची उधारी वहीतून खोडायची आणि ‘तेवढी जकात झाली’ म्हणायचे. हनफी मतात अशी जकात अदा होत नाही, कारण जकातीत मालकी घेणाऱ्याच्या हातात जावी लागते. ३,००० रुपये त्याच्या हातात द्या, ते त्याचे होऊ द्या, मग आपली उधारी मागा. एवढ्या एका पायरीने गिऱ्हाइकाची उधारीही फिटते आणि जकातही होते. याच कारणाने मशिदीचे बांधकाम, पंखे किंवा इमामसाहेबांचा पगार यांसाठी जकात चालत नाही. त्यासाठी वेगळी वर्गणी काढावी. बँकेचे व्याज जकातीत धरायचे नसते. ते पुण्याची आशा न ठेवता गरजूंना देऊन मोकळे व्हायचे. आई-वडील, मुले-नातवंडे आणि नवरा-बायको यांना जकात चालत नाही. गरजू भाऊ, बहीण, आत्या, मावशी यांना चालते, आणि ती आधी द्यावी. त्यांना ‘जकात’ हा शब्द सांगायची गरज नसते, मनातली नियत पुरते. फितरा, म्हणजे रमजान संपताना द्यायचे दान, वेगळा आहे. दर माणशी गव्हाच्या हिशेबाने सुमारे पावणेदोन किलो, आणि तो इदच्या नमाजाआधी पोचला पाहिजे, म्हणजे त्या घरीही शिरखुर्मा शिजेल.

हिंदू शेजाऱ्याला काय, असे नेहमी विचारले जाते. बहुसंख्य फुकहांच्या, म्हणजे इस्लामी कायदेपंडितांच्या, मते जकात मुसलमान गरजूंसाठी आहे. पण नफली (ऐच्छिक) सदका, कुर्बानीचे मांस, पुरातली मदत, औषध, शिक्षण यांत धर्माची अट नाही. जे तुमच्याशी धर्मावरून लढत नाहीत, ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी चांगुलपणाने आणि न्यायाने वागण्यास अल्ला मना करत नाही, उलट न्यायाने वागणारे त्याला आवडतात, हे सूरे मुम्तहिनाच्या आठव्या आयतेत स्पष्ट आहे. ज्या गल्लीत मराठा, लिंगायत आणि मुसलमानांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या आहेत तिथे ही आयत रोज कामाची.

सगळ्यात जास्त लिहावेसे वाटते ते कर्जाबद्दल. आजच्या सीमाभागात दुःखाचे सर्वात मोठे घर तेच आहे. जकातीचे आठ हक्कदार सूरे तौबाच्या ६० व्या आयतेत मोजून दिले आहेत, त्यात ‘गारिमीन’ म्हणजे कर्जात बुडालेले आहेत. मोहल्ल्यातल्या याद्यांत विधवा असतात, मदरशाची मुले असतात, गारिमीन मात्र क्वचित असतात. कारण कर्जदार बाई मागायला येत नाही. तिच्याकडे भांडी आहेत, टीव्ही आहे, वरून काही दिसत नाही. आणि दर आठवड्याला तीन ठिकाणचे हप्ते असतात.

अशा घराचे कर्ज फेडताना पुढील क्रम उपयोगी पडतो. आधी सगळी पासबुके आणि हप्त्यांची कार्डे एकत्र मांडायची, एकही न लपवता. प्रत्येकाची उरलेली मुद्दल, हप्ता आणि किती हप्ते राहिले ते एका कागदावर घ्यायचे. मग सगळ्यांना थोडे थोडे न देता एक कर्ज पूर्ण बंद करायचे. अर्धे फेडलेले कर्ज तगाद्याला काही फरक पाडत नाही. कार्यालयातून आज बंद करण्याची रक्कम लेखी मागायची. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड घेता येत नाही, हे तिथे शांतपणे सांगायचे. कर्जदाराच्या परवानगीने रक्कम परस्पर कार्यालयात भरता येते, जकात त्यानेही अदा होते. परवानगी मात्र आधी घ्यायची. वसुलीला आलेल्या पोराच्या हातात पैसे द्यायचे नाहीत. पावती आणि ‘बाकी नाही’ असा दाखला घेतल्याशिवाय उठायचे नाही. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करणे याच नियमांत बसत नाही, आणि कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेशही काढला. हे बायकांना माहीत नसते. कागदावर मराठीत लिहून दाराच्या आत चिकटवून द्यावे.

इथपर्यंत करूनही दोन-तीन महिन्यांत तीच बाई पुन्हा दुसऱ्या संघात दिसते. याचे कारण बहुधा एकच. पहिले कर्ज ज्यामुळे झाले, ते बाळंतपण, नवऱ्याचा अपघात, पोरीचे लग्न किंवा दारू, ते तसेच आहे, आणि पुढच्या अडचणीला बिनव्याजी पाच-दहा हजार देणारे कुणी नाही. म्हणून जकातीबरोबर कर्जे हसनाची, म्हणजे बिनव्याजी उसन्याची, वेगळी पेटी लागते. जकात द्यायची असते, ती परत घ्यायची नसते, म्हणून ती उसनी फिरवता येत नाही. कर्जे हसनाची पेटी लोकांच्या ठेवींवर किंवा दिलेल्या रकमेवर चालते, आणि तिची वही चोख लागते. कुराणातली सर्वात लांब आयत (२:२८२) नमाज-रोज्यावर नाही, ती उसनवारीवर आहे. मुदत लिहा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, मजकूर कर्जदाराने सांगावा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. तिच्या दोनच आयती आधी सावकाराला सांगितले आहे, की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड होईपर्यंत मुदत द्या, आणि माफ केले तर तुमच्यासाठी अधिक चांगले (२:२८०). मुदत देणे हा हुकूम, माफ करणे ही दया. अद्ल आणि एहसान इथेही त्याच क्रमाने आले. विश्वासावर तोंडी दिलेले पैसे आणि त्यावरून तुटलेले भाऊ प्रत्येक गावात आहेत.

आता घरातला अन्याय. बाप गेल्यावर उताऱ्यावर भावांची नावे चढतात आणि बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते. ती रडत सही करते आणि वर्षातून एकदा तिला साडी-चोळी मिळते. सूरे निसाची ११ वी आयत मुलीचा वाटा ठरवून देते, तो ‘देण्या’चा विषय ठेवत नाही. बायको, एक मुलगा, दोन मुली आणि आठ एकर जमीन मागे ठेवून माणूस गेला असे समजा, त्याचे आई-वडील आधीच गेलेले. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज. बायकोची न दिलेली मेहर हेही कर्जच, हे बहुतेक घरे विसरतात. मग वसियत (मृत्युपत्र), जास्तीत जास्त एक तृतीयांश. उरलेल्यात बायकोला आठवा हिस्सा, १ एकर. राहिलेले सात एकर चार भागांत, मुलाला दोन भाग म्हणजे ३ एकर २० गुंठे, प्रत्येक मुलीला १ एकर ३० गुंठे. यानंतर बहिणीने खुशीने आपला वाटा भावाला दिला तर तो तिचा एहसान. वाटा नावावर होण्याआधी, चार माणसांत, पदर डोळ्याला लावून केलेली सही खुशीची कशी मानायची? ज्या घरात ही सही झाली आहे त्या घराच्या हजच्या खर्चाबद्दल आम्हाला खरोखर काळजी वाटते. पैगंबरांनी दिवाळखोर कुणाला म्हटले ते आठवावे. नमाज, रोजे, जकात घेऊन येईल, पण कुणाला शिवी दिलेली, कुणाचा माल खाल्लेला. त्याची सगळी पुण्ये त्या हक्कदारांत वाटली जातील आणि ती संपली की त्यांची पापे याच्या अंगावर येतील.

‘अल्लाची मर्जी’कडे परत येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर चढले, घटप्रभेने गोकाकात घरे बुडवली. पूर असो की साथ, हे अमक्याच्या पापाचे फळ असे म्हणणारे सगळ्या धर्मांत निघतात. हिजरी १० मध्ये पैगंबरांचा तान्हा मुलगा इब्राहिम वारला. त्यांचे डोळे वाहू लागले, तेव्हा एका सहाबींनी आश्चर्याने विचारले, आपणही? ते म्हणाले, ही रहमत आहे. डोळे वाहतात, मन दुःखी होते, पण तोंडातून रबला आवडेल तेच निघेल. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले आणि लोक म्हणू लागले, की इब्राहिमच्या मृत्यूमुळेच लागले. बापाच्या दुःखाला ते सुखावणारे होते, तरी त्यांनी तिथेच खोडून काढले. सूर्य-चंद्राला कुणाच्या मरण्याने किंवा जगण्याने ग्रहण लागत नाही. मय्यतीच्या घरी ‘रडू नका, सब्र करा’ म्हणून आईला दटावणाऱ्यांनी आणि पुरावर निकाल देणाऱ्यांनी, दोघांनीही हा एक दिवस नीट समजून घ्यावा.

सब्र म्हणजे हातावर हात ठेवणेही नाही. हिजरी १७-१८ च्या सुमारास शामच्या (सीरियाच्या) वाटेवर उमर यांना पुढे प्लेग असल्याचे कळले आणि ते माघारी वळले. अल्लाच्या तकदिरीपासून पळता का, असे सहाबी अबू उबैदा यांनी विचारले. उमर म्हणाले, होय, अल्लाच्या एका तकदिरीकडून अल्लाच्याच दुसऱ्या तकदिरीकडे. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी ओसाड असेल, तर उंट कुठेही चारला तरी तकदीरच ना? तापाने फणफणलेल्या पोराला दोन दिवस दम-ताबीज करत ठेवून तिसऱ्या दिवशी सिव्हिलला नेणाऱ्यांना दुसरे काही सांगायची गरज नाही.

जगाच्या दुःखाबद्दल थोडेच लिहितो. ऑक्टोबर २०२३ पासून गाझाच्या मुलांसाठी आपल्या मशिदींत दुआ होते, ती व्हायलाच हवी. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ जण मारले गेले, त्यांच्यासाठी आणि मारणाऱ्यांविरुद्ध त्याच मिंबरवरून (मशिदीतल्या व्यासपीठावरून), तेवढ्याच आवाजात बोलले गेले पाहिजे. न्यायाने उभे राहा, मग साक्ष स्वतःच्या, आई-बापांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध जावो (४:१३५), आणि कुठल्या लोकांचे वैर तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये (५:८), या दोन आयती एकमेकींपासून तोडून वापरता येत नाहीत.

एक विनंती करून थांबतो. रमजानात आपण सेहरी-इफ्तारचे वेळापत्रक छापता. त्याच्याच शेजारी त्या दिवशीचा चांदीचा भाव आणि ६१२.३६ ग्रॅम चांदीची रुपयांतली किंमत छापावी. दोन ओळींची जागा लागेल. पहिल्या रोजापासून ती किंमत डोळ्यांपुढे राहिली, तर सत्ताविसाव्या रात्रीच्या अंदाजापेक्षा बरा हिशेब होईल, आणि यादी करायला, घरे पाहायला, पासबुके तपासायला कार्यकर्त्यांच्या हाती तीन आठवडे मिळतील.

आपले,
मोहल्ल्यातील जकात वाटपाचे काम पाहणारे काही कार्यकर्ते,
निपाणी व बेळगाव